आरोग्य शिबिराच्या मांडवातून ते विक्रीचे टेबल हटवा

प्रति,
मुंबईत आरोग्य शिबिरे भरवणारी सार्वजनिक उत्सव मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांच्या कार्यकारिणीतील सर्व पदाधिकारी यांस,

विषय: पुरुषांच्या शिबिरातील प्रोस्टेटची चाचणी, आहारावरचे व्याख्यान आणि विक्रीचे टेबल.

सप्रेम नमस्कार.

मी गिरणगावातील एका सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचा जुना कार्यकर्ता आहे. मांडवाचे बांबू उभे करण्यापासून वर्गणीच्या पावत्या जुळवण्यापर्यंत सगळी कामे मी केली आहेत, त्यामुळे लांबून नावे ठेवणारा माणूस म्हणून कृपया माझ्याकडे पाहू नये. गेल्या महिन्यात आमच्या मंडळाची बैठक झाली. तीत यंदाच्या पुरुष आरोग्य शिबिराला पूर्वीचाच प्रायोजक घ्यावा, त्याचे पावडरीच्या डब्यांचे विक्रीचे टेबल रक्त तपासणीच्या टेबलाशेजारी असावे आणि 'योग्य आहारातून प्रोस्टेटमुक्त पुरुष' हे व्याख्यान त्याच्याच माणसाने द्यावे, असा ठराव झाला. मी एकट्याने विरोध केला. तो इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढ्या दोन शब्दांत आटोपला. तशाच मजकुराची पत्रके मी परळपासून बोरिवलीपर्यंत इतर मंडळांच्या फळ्यांवरही पाहिली आहेत, म्हणून हे पत्र केवळ आमच्या मंडळाला न लिहिता आपणा सर्वांना उघडपणे लिहीत आहे.

'प्रोस्टेटमुक्त' हा शब्द ज्याने छापला, त्याला प्रोस्टेट म्हणजे काय हेच ठाऊक नसावे. प्रोस्टेट हे आजाराचे नाव नाही. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून असलेली ती अक्रोडाएवढी ग्रंथी आहे, ती प्रत्येक पुरुषाला जन्मतः असते आणि वीर्यातील द्रवाचा काही भाग तीत तयार होतो. वय वाढेल तशी ती बहुतेकांची वाढते. लघवीची धार बारीक होणे, रात्रीतून तीन-चार वेळा उठावे लागणे हे बहुधा त्या साध्या वाढीमुळे होते, आणि ही साधी वाढ पुढे कर्करोगात बदलत नाही. कर्करोग हा निराळा आजार आहे आणि सुरुवातीच्या काळात तो बहुतेक वेळा कसलीच चाहूल देत नाही. एवढा फरकसुद्धा आमच्या शिबिरात आजवर कोणी माइकवरून समजावून सांगितलेला नाही.

माझे थोरले बंधू, ज्यांना सारी चाळ दादा म्हणत असे, गिरणीत साच्यावर काम करत आणि १९८२ च्या संपानंतर त्यांनी पुढची सगळी वर्षे रात्रपाळीचे रखवालदार म्हणून काढली. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असल्यामुळे कोण रात्री कितीदा उठतो, हे शेजाऱ्यांना पायरवावरून कळते. दादांच्या फेऱ्या वाढल्याचे मला वहिनींकडून समजले. ते स्वतः याबद्दल कधीही बोलले नाहीत. २०१९ च्या शिबिरात मीच त्यांना आग्रहाने नेले. चार दिवसांनी निकाल आला: पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीचा आकडा, ११.४. सर्वसाधारणपणे ४ च्या वर गेल्यास पुढची चौकशी करतात. शेजारच्या टेबलावर पांढरा कोट घातलेला एक तरुण बसला होता, जो डॉक्टर नव्हता, आणि त्याने दादांना सांगितले की काका, घाबरू नका, हा सगळा खाण्यापिण्याचा दोष आहे, तीन महिन्यांत आकडा खाली येईल. दादांनी पावडरीचा डबा घेतला, मग दुसरा घेतला, मग तिसरा. दूध सोडले, रोज सकाळी जवसाची पूड खाल्ली, टोमॅटोचे सार प्यायले आणि आपण औषध घेत आहोत अशा समाधानात चौदा महिने काढले. त्यानंतर कंबर दुखू लागली, ती उसण भरली म्हणून शेकण्यात आणखी काही आठवडे गेले, आणि अखेर इस्पितळात गेलो तेव्हा आजार हाडांत पोहोचलेला होता. जून २०२२ मध्ये ते गेले.

चौदा महिने आधी गेलो असतो तर दादा वाचले असते का, हे त्यांच्या डॉक्टरांनी मला छातीठोकपणे सांगितले नाही आणि मीही तसा दावा करत नाही. परंतु त्या चौदा महिन्यांत काय करायचे, हे माहिती घेऊन ठरवण्याचा त्यांचा हक्क एका डब्याने हिरावला, एवढे मी नक्की म्हणेन. त्या शिबिरातल्या खुर्च्या मी मांडल्या होत्या.

आता तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार चाचणीविषयी आहे. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारे एक प्रथिन आहे आणि त्याचे रक्तातील प्रमाण कर्करोगाखेरीज साध्या वाढीने, मूत्रमार्गाच्या संसर्गाने, लघवीसाठी नुकत्याच घातलेल्या नळीनेही वाढते. उलट, प्रोस्टेट लहान करण्यासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी काही महिने घेणाऱ्याचा आकडा साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे अशा माणसाचा ३ हा आकडा निर्धास्त होण्यासारखा नसतो. आमच्या रांगेत एकालाही त्याच्या गोळ्यांविषयी विचारले गेले नाही. चाळिशीच्या तरुणाचे आणि ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांचे रक्त एकाच उत्साहात घेतले गेले. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा मंडळाने २०१८ मध्ये असे सांगितले की ५५ ते ६९ या वयात ही चाचणी करावी की नाही, हे प्रत्येकाने डॉक्टरांशी बोलून ठरवावे आणि सत्तरीनंतर ती सरसकट करू नये. आपल्याकडच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही तिशीपुढच्यांची सरसकट तपासणी होते ती तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी. प्रोस्टेट त्यात नाही.

याचा अर्थ चाचणी निरुपयोगी आहे असा कोणी काढू नये. युरोपातील आठ देशांत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचा २३ वर्षांचा पाठपुरावा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाचणीसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी आढळले. ४५६ पुरुषांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला आणि त्या एका मृत्यूमागे १२ जणांचे जास्तीचे निदान झाले. त्या बारांतल्या कित्येकांना तो आजार कधी जाणवलाही नसता. लाभ खरा आहे, पण त्याची किंमतही खरी आहे, आणि सुई टोचण्याआधी माणसाला दोन्ही सांगावे लागतात. ज्याच्या वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला, त्याचा धोका सुमारे दुप्पट असतो, म्हणून त्याने तर डॉक्टरांशी आवर्जून बोलावे. दादांच्या आजारानंतर मी बोललो. माझा आकडा थोडा वाढलेला निघाला, एमआरआय आणि बायॉप्सी (ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणे) झाली, सौम्य स्वरूपाचा कर्करोग सापडला आणि आज माझ्यावर उपचार न करता ठरावीक मुदतीने तपासण्या करून लक्ष ठेवले जाते. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटते. पण ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये पंधरा वर्षांचे निष्कर्ष आलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसती देखरेख यांपैकी काहीही वाट्याला आले तरी सुमारे ९७ टक्के पुरुष या कर्करोगाने दगावले नाहीत, हे मला डॉक्टरांनी समजावून सांगितले आणि मग मला झोप लागू लागली.

दुसरी तक्रार व्याख्यानाची आणि डब्याची. डब्यावर ई जीवनसत्त्व, सेलेनियम आणि सॉ पाल्मेटो या वनस्पतीचा अर्क अशी नावे मोठ्या अक्षरांत छापली होती. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांनी हा कर्करोग टळतो का, हे पाहण्यासाठी अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको येथे २००१ पासून ३५,५३३ पुरुषांवर प्रयोग झाला. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या बंद केल्या गेल्या, आणि २०११ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांत नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. सॉ पाल्मेटोची २००६ आणि २०११ मध्ये साध्या वाढीच्या त्रासावर परीक्षा झाली, दुसऱ्या वेळी तर नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत, आणि दोन्ही वेळा ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. ज्या वस्तूने लाभ झालेला नाही आणि जिच्यातल्या एका घटकाने अपाय झाल्याचे दिसले आहे, ती आपण गणपतीच्या मांडवात, आपल्या नावाच्या फलकाखाली विकू देतो.

टोमॅटोचेही तसेच. त्यातले लायकोपीन हे लाल रंगद्रव्य शिजवल्यावर आणि तेलाबरोबर अधिक शोषले जाते हे खरे, पण त्यामुळे कर्करोग टळतो असा भरवशाचा निष्कर्ष निघालेला नाही. माझ्यासारख्या, नुसत्या देखरेखीखाली असलेल्या ४७८ पुरुषांना घेऊन अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्यांतल्या अर्ध्यांना दोन वर्षे रोज भाज्यांचे सात किंवा अधिक वाटे खाण्यासाठी फोनवरून मार्गदर्शन केले गेले. २०२० मध्ये निकाल आला तेव्हा आजार पुढे सरकण्याच्या प्रमाणात दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मी भाज्या भरपूर खातो आणि खात राहीन, कारण त्या माझ्या हृदयाच्या आणि आतड्याच्या कामाच्या आहेत. पण मेथीच्या भाजीला मी बायॉप्सीच्या जागी बसवणार नाही. दुधाविषयी म्हणाल, तर दुग्धजन्य पदार्थ आणि कॅल्शियम खूप जास्त घेण्याचा या आजाराशी संबंध असावा असे सुचवणारा पुरावा आहे, मात्र तो मर्यादित आहे. तेवढ्यावरून दादांसारख्या सत्तरी गाठलेल्या माणसाचे रोजचे कपभर दूध आणि वाटीभर दही बंद करणे म्हणजे आधीच ठिसूळ होत चाललेल्या हाडांवर घाला घालणे होय.

शिवाय कायदा आहे. औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत ज्या रोगांवरच्या औषधांची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत कर्करोग आहे आणि प्रोस्टेट ग्रंथीचे विकार असा स्वतंत्र उल्लेखही आहे. आपल्या सल्लागार मंडळावर वकील असतात. त्यांनी पत्रक छापण्यापूर्वी ही अनुसूची एकदा डोळ्यांखालून घालावी.

तिसरी तक्रार अशी की आहार आणि राहणी यांविषयी जे खरोखर सांगण्यासारखे आहे, ते आपण सांगतच नाही, बहुधा त्यात विकण्यासारखे काही नसते म्हणून. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड या संस्थेने जगभरचे अभ्यास तपासून असे म्हटले आहे की अंगावरची जास्तीची चरबी पुढच्या टप्प्यातील प्रोस्टेट कर्करोगाचा धोका वाढवते, याला भक्कम पुरावा आहे. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानले जाते. तो मोजायला शिंप्याची टेप पुरते. धूम्रपान करणाऱ्याला हा कर्करोग झाला, तर त्याने मृत्यू येण्याची शक्यता न ओढणाऱ्यापेक्षा अधिक असते. निदानानंतर आठवड्याला तीन तास किंवा त्याहून अधिक जोरकस व्यायाम करणाऱ्या पुरुषांत या आजाराचे मृत्यू बरेच कमी आढळले आहेत. ही निरीक्षणे आहेत, सिद्धता नव्हे, परंतु झपझप चालण्याने कोणाचे नुकसान झालेले नाही. रात्रपाळीच्या कामाला कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१९ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' या गटात कायम ठेवले, त्यात प्रोस्टेटचाही मर्यादित पुराव्यासह उल्लेख आहे. दादांची रखवालदारी मला तेव्हा आठवली, पण एका माणसाच्या आजाराचे कारण असे बोट दाखवून ठरवता येत नाही.

ज्यांचा आजार आटोक्यात ठेवण्यासाठी टेस्टोस्टेरोन हे पुरुषी संप्रेरक दाबणारी इंजेक्शने दिली जातात, त्यांच्यासाठी तर आहार आणि व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो. त्या इंजेक्शनांनी स्नायू झडतात, पोट सुटते, हाडे विरळ होतात, साखर वाढते. दादांना शेवटच्या दीड वर्षात डाळ, उसळ, अंडी, मासे यांतून पुरेशी प्रथिने मिळावीत, रोज थोडे तरी वजन उचलावे, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घ्यावे, हे इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दहा मिनिटांत सांगितले. त्या दहा मिनिटांचा दादांना जो उपयोग झाला, तो चौदा महिन्यांच्या पावडरीचा झाला नाही. अशा बाईंना आपण कधीही मांडवात बोलावलेले नाही.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात. निकालांची यादी नावांसह फळ्यावर लावली गेली. लघवीच्या त्रासाबद्दल बायकोशीही न बोलणाऱ्या माणसाचा आकडा सगळ्या वाडीने वाचला. साखर तपासून झाल्यावर सगळ्यांना बटाटेवडा आणि जिलेबीचा नाश्ता दिला गेला. (वडा उत्तम होता, हेही नोंदवतो.) निकाल वाढलेला आलेल्या एकाही माणसाला नंतर कोणी फोन करून विचारले नाही. आणि दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी जवळपास स्वच्छतागृहाची सोय नसते. या शहरात विरारहून चर्चगेटपर्यंतचे ६० किलोमीटर लोकलच्या डब्यात शौचालयाशिवाय काढणारा पुरुष घरून निघतानाच पाणी पिणे टाळतो, आणि प्रोस्टेट वाढलेला माणूस तर दिवसभर घोटभर पाण्यावर राहतो. त्याला आपण व्याख्यानात 'भरपूर पाणी प्या' असे सांगतो, तेव्हा तो मान डोलावतो आणि घरी जातो.

बैठकीत मला विचारले गेले की प्रायोजक गेला तर खर्च कोण करणार. खर्च मुख्यतः सरसकट रक्तचाचणीचा असतो, आणि तीच सरसकट करायची नाही. वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, साखर पाहण्याच्या पट्ट्या आणि टेप एवढ्याला आमच्या मंडळाच्या रोषणाईच्या एका दिवसाचाही खर्च येणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. शिबिराच्या मांडवात आणि आवारात पावडर, गोळ्या, काढे यांचे विक्रीचे टेबल नसावे, आणि पत्रकावर कोणताही आजार आहाराने बरा होतो असा मजकूर नसावा. पीएसए चाचणी मूत्ररोगतज्ज्ञाशी किंवा किमान एमबीबीएस डॉक्टरांशी स्वतंत्र खोलीत बोलणे झाल्यानंतर, माणसाची इच्छा असेल तरच व्हावी. वय, चालू गोळ्या आणि घरातला कर्करोगाचा इतिहास आधी विचारला जावा. निकाल बंद पाकिटात त्याच्याच हाती द्यावा. आकडा वाढलेला असेल तर कोणत्या सरकारी वा महापालिका रुग्णालयात, कोणत्या विभागात जायचे याची चिठ्ठी सोबत असावी, आणि एका कार्यकर्त्याने महिनाभरात फोन करून तो माणूस गेला की नाही याची नोंद ठेवावी. आहारावर बोलणारी व्यक्ती रुग्णालयातील पात्र आहारतज्ज्ञ असावी आणि तिने मांडवात काहीही विकू नये. लघवीतून रक्त येणे, लघवी अडणे, हाडांचे न थांबणारे दुखणे यांपैकी काही असल्यास शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे, असे फळ्यावर कायम लिहिलेले असावे. नावांच्या यादीसाठी वापरलेली जागा त्याला पुरेशी आहे. रांगेतील ज्येष्ठांसाठी फिरत्या स्वच्छतागृहाची सोय करावी.

पाठपुराव्याचे फोन करण्याचे काम आमच्या मंडळापुरते मी स्वतः करायला तयार आहे आणि त्यासाठी कोणतेही पद मला नको. आमच्या कार्यकारिणीला विनंती, की हे पत्र येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे, ठरावावर हात वर करून मतदान घ्यावे, आणि इतिवृत्तात या वेळी कोणी काय म्हटले ते पूर्ण लिहावे. इतर मंडळांनी आणि संघांनी आपले उत्तर आपल्याच फळ्यावर लावले तरी चालेल, मी येऊन वाचेन.

आपला,
गिरणगावातील एक कार्यकर्ता